करारात तक्रारीचं कलम आहे, पण साहेब म्हणतात ‘बघू’. आता काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. नाशिकच्या सातपूरला एका कंपनीत तुम्ही ऑपरेटर आहात. सेटर, म्हणजे मशीनचं सेटिंग करणारा वरच्या ग्रेडचा माणूस, नोकरी सोडून गेला तेव्हापासून त्याचं काम तुम्हीच करताय, तीन महिने होत आले. कंपनी-युनियनच्या करारात वरच्या ग्रेडचं काम केलं तर रोजचा अ‍ॅक्टिंग अलाउन्स द्यायचा असं लिहिलंय पण पगाराच्या स्लिपमध्ये एक रुपया आलेला नाही. सुपरवायझर म्हणतो बघू, युनियनचा कमिटी मेंबर म्हणतो साहेबांशी बोलतो, आणि कराराच्या शेवटच्या पानांवर ‘ग्रीव्हन्स प्रोसिजर’ म्हणून तक्रार कशी करायची याचं एक कलम आहे जे तुमच्या कंपनीत आजवर कोणी वापरलेलं नाही. ते वापरायचं का, कसं वापरायचं, आणि वापरलं तर टारगेट होईन का, असं तुम्ही विचारलंय.

मी अंबडला एका कंपनीत २६ वर्षं काढली, त्यातली ११ युनियनच्या कमिटीत, तीन करारांवर माझी सही आहे. आता रिटायर आहे आणि पोरं कागद घेऊन घरी येतात ते वाचून देतो, म्हणून जरा लांबडं उत्तर देतोय, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे आज घरी गेल्यावर कराराची झेरॉक्स काढा आणि ते कलम शब्दन्‌शब्द वाचा, व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो नको, पूर्ण कॉपी पाहिजे. युनियन ऑफिसला मिळते, तुमचा हक्क आहे. त्यात एकच गोष्ट शोधायची, मुदत. घटना घडल्यापासून किती दिवसात तक्रार द्यायची ते बहुतेक करारात एका ओळीत लिहिलेलं असतं, कुठे सात दिवस, कुठे पंधरा, कुठे तीस. कारण तुमचं सगळं प्रकरण त्या एका ओळीवर उभं आहे आणि तीन महिने तुम्ही तोंडी घालवलेत. सगळंच गेलं असं नाही, पण आजचा दिवस घालवू नका.

आमच्याकडचं एक सांगतो. हीट ट्रीटमेंटला एक जण होता, चार्जहँडची, म्हणजे टोळीच्या प्रमुख कामगाराची, जागा रिकामी झाली आणि हा ती बघायला लागला, ४० रुपये रोज अलाउन्स होता तेव्हा. साहेबांना दर आठवड्याला तोंडी आठवण करायचा, आमच्या कमिटीतला एक जण म्हणायचा होऊन जाईल रे, पुढच्या पगारात बघ. असं करत करत दोन महिने भिजत घोंगडं. मग तो माझ्याकडे आला, आम्ही लेखी दिलं आणि ते तिसऱ्या स्टेपला दोन्ही बाजूंच्या कमिटीसमोर गेलं. तिथे कंपनीचे आयआर (कामगार संबंध) मॅनेजर म्हणाले की हा रोज चार्जहँडचं काम करत होता याला पुरावा काय, हजेरीच्या मस्टरवर तर ऑपरेटरच आहे. बरोबर होतं त्यांचं, मस्टरवर ऑपरेटरच असणार ना, ग्रेड बदललेलीच नव्हती.

तेव्हा ह्या माणसाने खिशातून एलआयसीवाल्याने दिलेली छोटी डायरी काढली. रोजची एक ओळ, तारीख, शिफ्ट, भट्टी नंबर, चार्ज नंबर. मॅनेजरनी भट्टीचं लॉगबुक मागवलं आणि एकेक तारीख लावून बघायला लागले, तीन जुळल्या, चौथ्याला थांबले. म्हणाले डायरीत दोन नंबर भट्टी आहे, लॉगबुकात तीन नंबर, आता बोला. आमच्या पोटात गोळा. हा शांतपणे म्हणाला, साहेब पान उलटा. मागे लिहिलं होतं, ‘दोनचा थर्मोकपल (तापमान मोजायचं साधन) गेला, चार्ज तीनला टाकला, मेंटेनन्सला कळवलं १०.४०.’ मेंटेनन्सचं रजिस्टर आणलं, तीच वेळ. मॅनेजरनी डायरी मिटली, परत केली आणि चहा सांगितला. पुढे एकही तारीख तपासली नाही.

पण आता पुढचं ऐका. त्याने एकूण ९८ दिवस ते काम केलं होतं आणि पैसे मिळाले ५४ दिवसांचे. का, तर आमच्या करारात लिहिलं होतं की तक्रार दिल्याच्या तारखेच्या मागे पंधराच दिवस जाता येईल. बाकीचे ४४ दिवस, म्हणजे १,७६० रुपये, ‘बोलतो’ मध्ये गेले. आणि खरं सांगायचं तर त्यात कंपनीचा दोष कमी आणि आमच्या कमिटीचा जास्त. तक्रार लेखी गेली की साहेबांशी संबंध बिघडतील, म्हणून बोलून मिटवायची सवय लागलेली असते. बोलून मिटलं तर कमिटी मेंबरचं वजन वाढतं, नाही मिटलं तर कागद नसल्याने कोणाला काही विचारता येत नाही. मीही हे केलंय, उगाच सोवळेपणा नको.

आता हे कलम येतं कुठून ते थोडं. तुमच्या करारातल्या स्टेप बघाल तर बहुतेक अशाच असतील: आधी सुपरवायझर, ४८ तासात उत्तर, मग डिपार्टमेंट हेड, तीन दिवस, मग दोन्ही बाजूंची कमिटी, सात दिवसात शिफारस, मग मॅनेजमेंटचा निर्णय, मग वर अपील आणि शेवटी लवाद, म्हणजे निवाडा देणारा तिसरा माणूस. हे कोण्या कंपनीच्या डोक्यातून आलेलं नाही. १९५८ साली नैनितालला भारतीय श्रम परिषद भरली होती, मालक आणि युनियन यांच्यासाठीच्या त्या वेळच्या शिस्त संहितेबरोबर हा नमुना आला आणि देशभरातल्या करारांनी तो जवळजवळ जसाच्या तसा उचलला, आपल्या सातपूर-अंबडच्या करारांनी सुद्धा. गंमत म्हणजे नमुन्यातली शेवटची पायरी, लवाद, ती आपल्याकडे कागदावरच राहिली. अमेरिकेत उलटं आहे, तिथल्या युनियन करारात शेवटची पायरी म्हणजे बाहेरचा लवाद, तो सांगेल ते दोघांना बंधनकारक, त्या बदल्यात युनियन कराराच्या काळात संप करत नाही, आणि १९६० मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने स्टीलवर्कर्स युनियनच्या तीन निकालात त्या पायरीला भक्कम आधार दिला. आपल्याकडे मॅनेजमेंटला बाहेरचा माणूस नको असतो आणि खरं तर युनियनलाही नको असतो. त्यामुळे आपली शेवटची पायरी म्हणजे कामगार उपायुक्तांचं ऑफिस आणि तिथून कोर्ट.

कायद्यातही कमिटी आहेच. २० किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती पाहिजे ही तरतूद औद्योगिक विवाद कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने आली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झाले, त्यातल्या इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडच्या कलम ४ मध्ये तीच समिती जरा मोठी करून ठेवलीय. दोन्ही बाजूंचे सारखे मेंबर, जास्तीत जास्त दहा, अध्यक्ष एक वर्ष त्यांचा एक वर्ष आपला, कारण घडल्यापासून एक वर्षात अर्ज, आणि तीस दिवसात काम संपवायचं. यात एक बारीक गोष्ट आहे जी फार कमी लोकांनी वाचलीय. निर्णय बहुमताने होतो पण कामगारांच्या बाजूच्या निम्म्याहून जास्त मेंबरांनी हो म्हटलं तरच, नाहीतर निर्णय झालाच नाही असं धरतात. म्हणजे मॅनेजमेंटने आपला एखादा मेंबर फोडून निकाल लावून टाकला, असं सहज होत नाही. निर्णय पटला नाही किंवा तीस दिवसात लागलाच नाही तर साठ दिवसांच्या आत कन्सिलिएशन ऑफिसरकडे (समेट घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) जायचं, तेही आपण ज्या युनियनचे मेंबर आहोत तिच्यामार्फत. म्हणून युनियनची पावती फाडलेली आहे का ते बघा, वर्गणी पगारातून कटते म्हणून गाफील राहू नका.

करारातली मुदत गेली असली तरी कायद्यातलं एक वर्ष हातात आहे, हे तुमच्यासाठी सध्या सगळ्यात कामाचं. दोन्हीचा उल्लेख एकाच अर्जात करायचा.

अर्ज कसा लिहायचा, तर पोरं दोन पानं लिहितात, त्यात सुपरवायझर कसा पक्षपाती आहे, माझ्या घरी म्हातारी आई आहे, मी बारा वर्षं इमानदारीने काम केलं वगैरे. ते सगळं खरं असेल पण त्याचा उपयोग शून्य. मी साधारण असा लिहून देतो:

‘विषय: कलम अमुक प्रमाणे अ‍ॅक्टिंग अलाउन्स न मिळाल्याबाबत तक्रार, स्टेप १. मी टोकन नंबर अमुक, मशीन शॉप. दि. अमुक पासून आजपर्यंत सेटर पदाचं काम करत आहे, तारीख आणि शिफ्टवार तक्ता सोबत जोडला आहे. कराराच्या कलम अमुक प्रमाणे देय असलेला अलाउन्स अमुक, अमुक आणि अमुक महिन्यांच्या पगारात मिळालेला नाही. मागणी: वरील कालावधीचा फरक पुढील पगारात मिळावा व हे काम चालू असेपर्यंत अलाउन्स नियमित मिळावा. ही तक्रार करारातील ग्रीव्हन्स प्रोसिजर तसेच कायद्यातील तक्रार निवारण समितीच्या तरतुदीखाली समजावी.’

बस. कलम, तारीख, मागणी. मागणी लिहायला लोक विसरतात आणि मग उत्तर येतं की ‘आपल्या भावनांची नोंद घेतली आहे.’ घ्या आता.

तक्ता कसा करायचा, डायरी नाहीये माझ्याकडे, असं म्हणाल. मग आजपासून सुरू करा आणि मागचं जमवा. सेटिंग अप्रूव्हलच्या शीटवर सही कोणाची आहे, पहिल्या पीसच्या इन्स्पेक्शन रिपोर्टवर सेटर म्हणून नाव कोणाचं आहे, टूल क्रिबमधून (हत्यारांच्या स्टोअरमधून) टूल कोणाच्या नावावर गेलंय, शिफ्ट हँडओव्हर रजिस्टर. हे सगळं कंपनीचंच रेकॉर्ड आहे. फोटो काढत फिरू नका, मोबाईल शॉपमध्ये बंदी असेल तर त्यावरच मेमो मिळेल, नुसत्या तारखा आणि शीट नंबर टिपून घ्या आणि अर्जात लिहा की हे रेकॉर्ड मागवावं.

अर्जाच्या दोन कॉपी. एक द्यायची आणि दुसरीवर पोहोच घ्यायची, सही, नाव, तारीख. सुपरवायझर सही करत नाहीत, म्हणतात ठेव टेबलावर. ठेवायचा नाही. टाइम ऑफिसला आवक शिक्का मारून घ्या, तेही नाही म्हणाले तर स्पीड पोस्टाने कंपनीच्या पत्त्यावर पाठवा आणि पावती करारात पिन करून ठेवा. आमच्याकडे एकाने तीन अर्ज दिले होते, तिन्ही खरे, आणि एकावरही तारीख नव्हती, पोहोच तर लांबच. सुपरवायझर बदलून पुण्याला गेला, ड्रॉवर साफ झाला, विषय संपला.

सुपरवायझरने ४८ तासात उत्तर दिलं नाही तर वाट बघायची नाही, तिसऱ्या दिवशी तोच अर्ज वर ‘स्टेप २’ लिहून डिपार्टमेंट हेडला. उत्तर न येणं म्हणजे पुढे जायची परवानगी, असं बहुतेक कलमांत असतंच. इथे आपली माणसं ढिली पडतात, साहेब दौऱ्यावर आहेत, ऑडिट चालू आहे, दिवाळी झाली की बघू. कंपनीची मुदत टळली तर साहेब दोन दिवस रागावतात, आपली टळली तर पैसे जातात.

स्टेप ३ ला, कमिटीसमोर, तुमच्यासोबत प्रतिनिधी असणार. त्याला आधी भेटा आणि एकदा पूर्ण सांगा, नाहीतर तो तिथे पहिल्यांदा ऐकतो आणि मॅनेजमेंटच्या बाजूने मान डोलावतो, मुद्दाम नाही, पण होतं तसं.

अजून एक फरक लक्षात घ्या. करारात आहे ते मिळालं नाही ती तक्रार. करारात नाही ते हवंय ती मागणी, आणि मागणीची जागा पुढच्या कराराचं मागणीपत्र. अ‍ॅक्टिंग अलाउन्स ४० चा ६० करा असं ग्रीव्हन्समध्ये घातलंत की मॅनेजमेंट आनंदाने म्हणणार हा विषय इथला नाही, आणि त्या गडबडीत खरी तक्रारही वाहून जाईल. कामावरून काढलं, डिसमिस केलं असले विषय पण या पायऱ्यांत सहसा नसतात, त्यांचा रस्ता वेगळा आहे.

आता टारगेट. खोटं कशाला सांगू, होतं. मला एकदा सात आठवडे सलग थर्ड शिफ्टला, रात्रपाळीला ठेवलं होतं, कारण विचारलं तर ‘प्रॉडक्शनची गरज’. उघड काही करत नाहीत, ओटी (ओव्हरटाइम) बंद होते, वाईट मशीन मिळते, रजा अडते. त्यावर मला जे उपयोगी पडलं ते दोन. एक, एकट्याचा अर्ज द्यायचा नाही, तुमच्या शॉपमध्ये अजून कोणी वरच्या ग्रेडचं काम करत असेलच, शोधा, दोघातिघांच्या तक्रारी एकाच दिवशी जाऊ द्या. दोन, अर्जानंतर जे बदललं त्याचीही तारीख डायरीत. मान्यताप्राप्त युनियनच्या राज्य कायद्यात, ज्याला आपण एमआरटीयू म्हणतो, १९७१ चा, त्याच्या चौथ्या परिशिष्टात वाईट हेतूने बदली करणं, एका गटाला झुकतं माप देणं आणि करार न पाळणं या तिन्ही गोष्टी अनुचित प्रथा म्हणून लिहिलेल्या आहेत. आयटम ९ म्हणजे करार न पाळणं, अनुचित प्रथेची केस, म्हणजे यूएलपी, टाकणारे वकील तोच आकडा आधी घेतात. त्याला मुदत ९० दिवस. सबळ कारण दिलं तर कोर्ट उशीर माफ करू शकतं, आणि दर महिन्याचा पगार हे नवं कारण असंही वकील मांडतात, पण तुमचे तीन महिने म्हणजे बरोबर त्याच रेषेवर, त्यामुळे मी सुरुवातीला घाई का करत होतो ते कळलं असेल.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. ‘अलाउन्स देत नाही ना, मग सेटिंग करत नाही’ म्हणून हात बांधून उभे राहू नका. प्रेस शॉपला आमचा एक पोरगा होता, त्याला दुसरी मशीन पण चालव म्हणाले, करारात एकाच मशीनचं होतं, शंभर टक्के तो बरोबर. पण दोन तास मशीन बंद ठेवून उभा राहिला. संध्याकाळी चार्जशीट, वरिष्ठाचा आदेश न पाळणं. आठ महिने डोमेस्टिक एन्क्वायरी (कंपनीची अंतर्गत चौकशी) चालली, शेवटी चार दिवस सस्पेन्शनवर मिटलं, आणि दोन मशीनची तक्रार कोणी ऐकलीच नाही कारण ती कुठे दिलेलीच नव्हती. काम करायचं, कागदावर ‘अंडर प्रोटेस्ट’, म्हणजे हरकत नोंदवून करतोय असं, लिहायचं आणि त्याच शिफ्टला तक्रार टाकायची. जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी, प्रेसचं गार्ड काढलेलं असेल तर हात घालायचा नाही, सेफ्टी ऑफिसरला बोलवायचं आणि तेही लिहून ठेवायचं.

कराराची मुदत संपलीय म्हणून कलम लागू नाही असं कोणी एचआरवाला म्हणाला तर त्याला विचारा, करार संपवायची लेखी नोटीस दिलीत का. नोटीस देऊन साठ दिवस होईपर्यंत जुना करार चालूच राहतो, पूर्वीच्या कायद्यात दोन महिने होते, नव्या कोडमध्येही तसंच. आणि करार कामगार खात्यासमोर झालेला असेल तर तो सगळ्या कामगारांना लागू, नंतर लागलेल्यांनाही, आपापसात झालेला असेल तर सहसा सही करणाऱ्या बाजूंपुरता, म्हणजे कंपनी आणि त्या युनियनच्या मेंबरांपुरता. शेवटच्या पानावरचा शिक्का बघा, तिथेच कळेल.

तुम्ही शेवटी लिहिलंय की तुमच्या मशीनवर कंत्राटी हेल्पर आहे आणि तो ऑपरेटरचं काम करतो, त्यालाही अलाउन्स मिळेल का. त्याचं नाव तुमच्या अर्जात घालू नका, त्याचा मालक कागदावर कंत्राटदार आहे आणि तुमच्या करारात तो येत नाही, उद्या त्याचा गेटपास बंद होईल आणि तुमच्या अर्जालाही पाचर बसेल. त्यालाही डायरी घ्यायला सांगा, त्याचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे, तो मला वेगळा विचारा. तुमची फर्स्ट शिफ्ट असेल तर सोमवारी साडेतीनला सुटल्यावर कराराची कॉपी आणि तारखांचा कागद घेऊन युनियन ऑफिसला जा, मंगळवारी सकाळी टाइम ऑफिसचा शिक्का पाहिजे.